डावीकडची खोली आणि दिवाळीनंतरची तारीख

गेला महिनाभर आमच्या घरात एकच विषय चालू आहे. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या मोठ्या जहाजावर बाबांना घेऊन जायचं, तर कधी जायचं आणि खोली कोणत्या अंगाची घ्यायची? चांदूर रेल्वेत बसून हा खल करणं म्हणजे गंमतच. इथून समुद्र म्हणजे रात्रभराची रेल्वे. आम्हाला पाणी माहीत ते मालखेडच्या तलावाचं, नाहीतर वर्धा नदीचं. पण विषय निघाला खरा, आणि पुण्याचे काका, नागपूरची आत्या अशा सगळ्यांनी फोनवरून आपापली मतं दिली. (मंडळी, तुम्ही हे वाचता हे मला माहीत आहे. रागावू नका.)

आधी तारखेचं सांगतो. पावसाळ्यात जायचं नाही, एवढं सगळ्यांना मान्य होतं. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली रामदास बोट मुंबईजवळच बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली, ही गोष्ट काकांनी पुन्हा एकदा सांगितली. जुन्या कोकण बोटीसुद्धा पावसाळ्यात बंद असायच्या. म्हणजे उरला शरद.

आता वऱ्हाडातला शरद बघा. सप्टेंबरात पितृपक्ष. त्यात अविधवा नवमीला आईचं पान असतं, ते सोडून बाबा कुठे जाणार नाहीत. लगेच नवरात्र, घरात घट. दसऱ्याच्या मागेपुढे सोयाबीन सोंगणीला येतं, आणि मजूर मिळाले त्या दिवशी घरच्या माणसानं धुऱ्यावर उभं राहावंच लागतं. मी तर कोजागिरी धरून बसलो होतो. पौर्णिमेला पश्चिमेला सूर्य बुडत असताना पूर्वेला चंद्र वर येतो, तो समुद्रावरून बघायचा! पण कोजागिरीनंतर पाचव्या दिवशी मोझरीला राष्ट्रसंतांची पुण्यतिथी, तिथली मौन श्रद्धांजली बाबांनी वर्षानुवर्षं चुकवलेली नाही. मग हरभऱ्याची पेरणी, दिवाळी, कापसाचा पहिला वेचा. शहरातल्या लोकांचा हा सहलीचा मोसम, आणि आमच्या शेताला नेमकी याच दोन महिन्यांत आमची सर्वांत जास्त गरज.

आई-बाबांचा समुद्र असाच राहिला. दर वर्षी आई म्हणायची, "औंदा जाऊ." दर वर्षी बाबा म्हणायचे, "सोयाबीन निंगू दे." सोयाबीन दर वर्षी निघालं.

काकांचं म्हणणं, हवामान बघून तारीख ठरवावी. बरोबर आहे, पण तेही पुरं नाही. पाऊस गेला म्हणजे अरबी समुद्र गुमान झोपला असं नसतं. फयान वादळ कोकण किनाऱ्यावर आलं ते ११ नोव्हेंबर २००९ ला, आणि २०१९ मध्ये ऐन दिवाळीत क्यार नावाचं चक्रीवादळ अरबी समुद्रात होतं. चार महिने आधी तिकीट काढणाऱ्याला हे कसं कळणार? निघायच्या आठवड्यात हवामान खात्याचा इशारा बघायचा, बोट रद्द झाली तर पैसे कसे परत मिळतात ते आधी विचारून ठेवायचं. त्यापलीकडे आपल्या हातात काही नाही. पुढच्या वर्षीवर ढकलणं हाही एक धोकाच आहे. आमच्या घरात तरी तोच जास्त महाग पडलाय.

आता खोलीची बाजू. आत्याच्या मुलानं 'पॉश' या शब्दाची गोष्ट सांगितली. विलायतेहून हिंदुस्थानात येताना डावीकडची केबिन सावलीची, परत जाताना उजवीकडची. श्रीमंत साहेब तशीच तिकिटं काढत आणि त्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडून 'पॉश' झालं. गोष्ट छान आहे, पण असा शिक्का मारलेलं एकही तिकीट कोणाला सापडलेलं नाही. असो.

आपल्या वाटेचं मात्र साधं आहे. बॅलार्ड पिअरवरून निघाल्यावर बंदरातून बाहेर पडेपर्यंत गेटवे, कुलाबा उजव्या हाताला आणि मावळता सूर्यही तिकडेच. दक्षिणेकडे वळल्यावर कोकण डावीकडे. पण संध्याकाळी सुटलेली बोट किनाऱ्यापासून बरीच आत, तीही रात्रभर जाते, तेव्हा सिंधुदुर्ग-विजयदुर्ग खिडकीतून दिसतील ही आशा सोडा. आणि परतीला बोटच उलटी फिरते. त्याच खोलीतून जाताना जमीन, तर येताना उघडा समुद्र. एवढ्यासाठी नातेवाइकांनी भांडायचं? माझ्या मते बाजूपेक्षा मजला बघावा. जहाजाच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर डुलणं सर्वांत कमी लागतं. पोट सांभाळायचं आणि गुडघे दुखतात अशा माणसासाठी तीच जागा, आणि लिफ्ट जवळ असली तर सोन्याहून पिवळं. सूर्यास्त बघायला सगळ्यांसाठी मोकळा डेक आहेच.

हे सगळं मी बाबांना कागदावर जहाज काढून समजावलं. त्यांनी नीट ऐकलं. मग विचारलं, "सकाई सूर्य कोन्या अंगानं निंगन?"

"डावीकडून. जमिनीकडून."

"मंग तेच घे. मले चारले जाग येते. तुमी झोपसान आठ वाजेलोक. मी कुठी पायऱ्या चढू?"

माझा सगळा अभ्यास मी मुकाट्यानं घडी घालून खिशात ठेवला. डेकवर सूर्योदयसुद्धा फुकटच असतो, पण पहाटे चारला अंधारात, हलत्या जहाजावर, गुडघ्यांवर हात ठेवून एकट्यानं वर जायचं, हे माझ्या हिशेबात आलंच नव्हतं. मी हिशेब माझ्या संध्याकाळचा करत होतो.

मधल्या मजल्यावरची, डावीकडची, खिडकीची खोली घेतली. तारीख दिवाळीनंतरची, भाऊबीज आटोपल्यावर चौथा दिवस. कापूस तेव्हा फुटलेला असणार. वहिनी म्हणाली वेचा मी बघते, आणि आत्यानं पंचांग बघून काहीतरी कुरकुर केली, पण पैसे भरून झाले होते. बाबा आता दोन दिवस गप्प होते. मला वाटलं, बेत बदलतात की काय.

काल संध्याकाळी ओट्यावरून दादाला आवाज दिलेला ऐकू आला.

"दिवाईनंतर पाच-सात दिवस बैलाईले पानी तूच दाखवजो. मी समुद्रावर चाललो."