एकेटी सुरू केली, पुढची तारीख दिली का?

यावल-रावेरकडचा पंचविशीतला तरुण. पोटात उजवीकडे खाली दुखते, वजन उतरले आहे, हिमोग्लोबिन नऊच्या आसपास. सोनोग्राफीत लहान आतड्याचा शेवटचा भाग जाड आणि शेजारी दोन-चार गाठी. भुसावळ-जळगावच्या ओपीडीत हे चित्र कुणाला नवे नाही, आणि त्यावरची चिठ्ठीही नवी नाही: एकेटी, म्हणजे क्षयाच्या गोळ्या. क्षयाच्या देशात पहिला संशय क्षयाचा घेण्यात गैर काही नाही. आमचा आक्षेप आहे तो गोळ्या सुरू झाल्यानंतरच्या स्वस्थतेला.

न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांनी 1932 साली 14 रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे क्रोनच्या नावाने ओळखले गेलेले आतड्याचे हे दुखणे क्षयासारखे दिसते, पण क्षय नाही, ही अडचण तेव्हापासूनची. आपल्याकडे मात्र क्रोन हा बराच काळ गोऱ्यांचा आजार मानला गेला. मुंबईचे डॉ. दीपक अमरापूरकर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये नेमक्या याच पेचावर, क्षयाच्या गर्दीत क्रोन ओळखायचा कसा यावर, शोधनिबंध लिहिला. 2017 च्या ऑगस्टमधील मुंबईच्या पुरात त्यांचा अंत झाला. त्यांचा प्रश्न मात्र आपल्या टेबलावर तसाच आहे.

क्रोन कशाने होतो याचे एका वाक्यात उत्तर नाही. जनुकांचा कल, आतड्यातील जिवाणूंचा बिघडलेला मेळ आणि त्यांच्यावर भडकलेली प्रतिकारशक्ती, असा तो गुंता आहे. 2001 मध्ये सापडलेल्या नॉड-2 जनुकाचा पाश्चात्त्य रुग्णांत मोठा गवगवा झाला. पाश्चात्त्यांत दिसणारे त्यातील बदल भारतीयांत क्वचितच आढळतात. विडी-सिगारेटने आजार बळावू शकतो. व्यवहारात महत्त्वाचे हे की, दाह आतड्याच्या भिंतीची सगळी जाडी व्यापतो. सुरुवातीला तो औषधाला दाद देतो. पुढे त्या जागी तंतू तयार होतात, आतडे आवळते किंवा फिस्टुला होतो, आणि मग रुग्ण सर्जनकडे जातो. क्षय समजून घालवलेले महिने औषधाला दाद देणाऱ्या त्या सुरुवातीच्या काळातून वजा होतात.

कोलोनोस्कोपीत लांबट व्रण, मधे निरोगी पट्टे, छोटे ॲफ्थस व्रण दिसले तर पारडे क्रोनकडे झुकते. आडवे व्रण, आ वासलेला आयलिओसीकल व्हॉल्व्ह, पोटात पाणी, सीटीवर मध्यभागी कुजलेल्या गाठी दिसल्या तर क्षयाकडे. एवढ्यावर निकाल देऊ नये, कारण दोन्हींची सरमिसळ रोजची आहे. मॅन्टू पॉझिटिव्ह आली म्हणजे आतड्याचा क्षय सिद्ध होत नाही. जीनएक्स्पर्ट निगेटिव्ह आली म्हणजे तो नाही असेही नाही. आतड्याच्या तुकड्यात जंतू मुळातच कमी असतात. आणि रुग्णाला कुशीवर वळवून गुदद्वार पाहाच. मूळव्याध-भगंदराच्या पाट्यांखाली दोनदा-तीनदा ऑपरेशन झालेल्या तरुणाला पोटाचे कुणी विचारलेलेच नसते.

बायोप्सी एकेटीच्या पहिल्या गोळीआधी घ्यावी. सगळे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका; त्यात जंतू मरतात आणि कल्चरची वाट बंद होते. काही तुकडे नॉर्मल सलाइनमध्ये, त्याच दिवशी प्रयोगशाळेत. ‘बघू या’ म्हणून स्टेरॉइड देणे तर नकोच. क्षय असेल तर तो पसरेल, आणि दोन दिवस बरे वाटल्याने सगळ्यांचीच दिशाभूल होईल.

निदान अडले तर चाचणी म्हणून एकेटी देणे ही मान्य पद्धत आहे; पण चाचणी म्हटली की निकालाची तारीख हवी. दोन महिन्यांनी पुन्हा स्कोप करावी. भूक लागली, ताप गेला, एवढे पुरत नाही, कारण क्रोनच्या काही रुग्णांनाही एकेटीवर काही काळ बरे वाटते. व्रण भरले का, ते डोळ्यांनी पाहायचे. भरत नसतील तर दोनच शक्यता ठळक: क्रोन, किंवा औषधाला न जुमानणारा क्षय. दुसरीसाठीच ते कल्चर. उलट, व्रण भरूनही आवळलेली जागा तशीच राहू शकते. ते एकेटीचे अपयश नव्हे. सहा महिन्यांचे नऊ, नऊचे बारा करत जाणे हा मात्र निर्णय टाळण्याचाच प्रकार.

क्रोन ठरला तरी क्षयाची आठवण सोडता येत नाही. इन्फ्लिक्सिमॅबसारखी औषधे दबलेला क्षय उठवतात, त्यामुळे आधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची तपासणी हवीच. अझाथायोप्रिन सुरू केल्यावर पांढऱ्या पेशी लवकर आणि वारंवार मोजा; एनयूडीटी-15 या जनुकातील बदलामुळे काही भारतीय रुग्णांत त्या झपाट्याने घसरतात.

आपले पुष्कळ रुग्ण भुसावळहून रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठतात आणि तिथे पहिल्यापासून सगळे सुरू होते, कारण हातात फक्त गोळ्यांची चिठ्ठी असते. स्कोपचे फोटो, बायोप्सीचा ब्लॉक आणि एकेटी सुरू केल्याची तारीख रुग्णासोबत द्या. आणि दुसऱ्या स्कोपची तारीख पहिल्याच केसपेपरवर लिहा.