आरोग्याची ओसरी : गळ्यातली ग्रंथी आणि घरातला पाळणा

पारनेर तालुक्यातील एक भगिनी लिहितात : ‘लग्नाला चार वर्षे झाली. एकदा दिवस राहिले, पण तिसऱ्या महिन्यात गेले. आता तपासणीत टी.एस.एच. ठीक, पण थायरॉइडची अँटीबॉडी वाढलेली निघाली. सासूबाई म्हणतात, हिच्या रक्तातच दोष. मला मूल होणार नाही का?’

ताई, आधी मनातली भीती काढा. मूल होणार नाही, असा या रिपोर्टचा अर्थ मुळीच नाही.

गळ्याशी फुलपाखरासारखी थायरॉइड ग्रंथी असते. शरीराची राखण करणारी शक्ती कधी चुकून तिच्यावरच उलटते. राखणदाराने घरच्याच माणसावर काठी उगारावी तसे. त्याची खूण म्हणजे ही अँटीबॉडी. जपानच्या डॉ. हाशिमोटो यांनी अशा ग्रंथीचे वर्णन १९१२ साली केले. अशा स्त्रियांत गर्भपाताचे प्रमाण काहीसे जास्त आढळते, हे खरे; पण पुष्कळजणी सुखरूप बाळंत होतात.

अँटीबॉडी उतरवण्याचे खात्रीचे औषध नाही. तसे सांगून पैसे मागणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका. टी.एस.एच. ठीक असताना थायरॉइडची गोळी देऊन ब्रिटनमध्ये नऊशेंहून अधिक स्त्रियांवर पाहणी झाली. मूल न झालेल्या किंवा गर्भपात झालेल्याच त्या स्त्रिया. २०१९ साली निष्कर्ष आला : गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या जवळजवळ सारख्याच प्रमाणात माता झाल्या.

म्हणून लक्ष ठेवायचे ते टी.एस.एच.वर. पाळी चुकून दिवस राहिल्याचे कळताच ते तपासा. नंतर पाचवा महिना लागेपर्यंत दर चार आठवड्यांनी. वाढले तर डॉक्टर गोळी देतील. ती सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी. चहा अर्ध्या-पाऊण तासाने. लोहाची व कॅल्शियमची गोळी चार तासांनंतर. गरोदरपणात ही गोळी मनाने बंद करू नये.

स्वयंपाकात आयोडीनचे मीठ वापरा, डबा झाकून ठेवा. आयोडीनची जादा औषधे मात्र स्वतःहून घेऊ नका.

आणखी एक. धन्यांचीही तपासणी करून घ्या. मूल दोघांचे असते, तपासणीही दोघांची हवी. याच जिल्ह्यात, जामखेडला, १९७० पासून आरोळे दांपत्याने खेड्यातल्या साध्या बायांना आरोग्याचे शिक्षण दिले आणि त्यांनी गावेच्या गावे शहाणी केली. तेव्हा हे पान सासूबाईंना वाचून दाखवा. सुनेच्या पाठीवर त्यांचा हात असला, तर निम्मे ओझे तिथेच उतरेल.