आमची घरे पुस्तकांत

छापील पुस्तकात आंबागडचे नाव शोधले तर बहुधा किल्लाच सापडतो. देवगडच्या बख्त बुलंद शहाच्या एका सरदाराने 1700च्या सुमारास तो बांधला आणि पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला, एवढे आपण सारे जाणतो. त्या किल्ल्याचे दगड वाहणारी माणसे रात्री कोठे निजत, त्यांच्या भिंती कुडाच्या होत्या की मातीच्या, हे मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही. ज्यांची वास्तू टिकाऊ, त्यांचाच इतिहास, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. घराविषयीची पुस्तके वाचताना ती ध्यानात ठेवावी लागते.

विदर्भातलेच नाटककार महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ 1985 साली रंगभूमीवर आले. खचत चाललेला देशपांड्यांचा वाडा आणि त्याबरोबर खचणारी माणसे त्यात दिसतात. नाटक मोठे आहे. आपल्या मुलांनी ते अवश्य वाचावे. परंतु ते दुःख हातातून घर निसटणाऱ्यांचे आहे. आमच्या घराची कथा दुसऱ्या ठिकाणी, घर नाकारले जाण्यापासून सुरू होते.

1917 साली परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी नाव लावून ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि त्यांना सामानासह बाहेर पडावे लागले. मुंबईच्या गाडीची वाट पाहत ते सार्वजनिक बागेत बसून राहिले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. पुढे परळच्या चाळीत संसार करून त्याच माणसाने दादरला ‘राजगृह’ बांधले, ते मुख्यतः ग्रंथांसाठी. नाव घेतले बुद्धकालीन मगधाच्या राजधानीचे. रमाईंना त्या घरात फार थोडे दिवस लाभले. 1935 साली त्यांचे निधन झाले. घर म्हणजे काय, याचे उत्तर शोधणाऱ्याने बडोद्याची बाग आणि राजगृह ही दोन ठिकाणे एकत्र ठेवून पाहावीत.

आपल्या आत्मकथनांतही हेच आहे. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (1978) कावाखान्यातल्या एकेका खोलीत अनेक बिऱ्हाडे आहेत. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’मध्ये (1980) तर घर गाढवाच्या पाठीवर असते आणि गाव बदलले की त्याची जागाही बदलते. उर्मिला पवारांच्या ‘आयदान’मधली (2003) आई बांबूच्या टोपल्या विणते. तिचे विणणे आणि लेकीचे लिहिणे एकाच जातीचे आहे, असे लेखिका मानते. आणि वसंत मून यांची ‘वस्ती’ (1995)! नागपूरच्या महारवस्तीचे हे पुस्तक वाचताना जाणवते की चार भिंती अपुऱ्या असल्या तरी घर अपुरे नव्हते; पोरांना सारी वस्ती वाढवत होती. पूर्व विदर्भातल्या माणसाला हे पुस्तक फार जवळचे वाटेल. माझ्या मते या सर्वांत ते सर्वांत कमी वाचले गेले आहे.

काही पालकांना हे सारे नको असते. कष्टाने किंवा रमाई आवास योजनेतून स्लॅबचे घर उभे राहिले. आता लेकरांना कवेलूच्या गळक्या घराची आठवण कशाला, असे ते म्हणतात. त्यांची माया मला कळते. पण ज्या मुलाला जुने घर ठाऊक नाही, त्याला नवे घर आपोआप उगवले असे वाटते. मग शेजारच्याच्या झोपडीला तो हसतो. हे आपल्या डोळ्यांदेखत घडू लागले आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. भगवान बुद्धांनी तर गृहत्याग केला. मग घराचा एवढा मोह का? मला वाटते, त्याग करायलाही आधी घर असावे लागते. सिद्धार्थाने महाल सोडला. आमच्या आजोबांपाशी सोडण्यासारखे काय होते? शिवाय तथागतांनी भिक्खूंना वर्षावासाची सोय दिली आणि अनाथपिंडिकाचे जेतवन स्वीकारले. निवाऱ्याची गरज धम्माने कधी हीन मानली नाही. बहिष्कृत हितकारिणी सभेनेही 1924 साली स्थापना होताच पुढच्याच वर्षी सोलापूरला वसतिगृह काढले. शिकणाऱ्या मुलाला दिवा, जेवण आणि निजायला जागा मिळावी, हा त्यामागचा साधा हिशेब होता. आपली निवासी शाळा त्याच परंपरेतली आहे. दहाव्या वर्षी घर सोडून येथे आलेल्या मुलाला घर म्हणजे काय, हे इतरांपेक्षा लवकर उमगते.

म्हणून ही पुस्तके शाळेच्या ग्रंथालयात एका फळीवर एकत्र असावीत, आणि त्यांच्याशेजारी कोऱ्या वह्या असाव्यात. सुटीत गावी जाणाऱ्या प्रत्येक मुलाने आजीला विचारून आपले जुने घर त्यात उतरवावे. माजी विद्यार्थ्यांनीही आपापली पाने पाठवावीत. दार कोणत्या दिशेला होते, सांदवाडीत काय लावले होते, पिण्याचे पाणी कोठून येई आणि कोण ओतून देई, 1956नंतर देव्हाऱ्यातले देव कोणी कोठे नेऊन सोडले, बाबासाहेबांची तसबीर भिंतीवर कधी आली आणि ती कोणी आणली.