खुलताबादचे डोंगर आणि आपली सायकल

मार्च २०२५ मध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून वाद पेटला, तेव्हा देशभरच्या कॅमेऱ्यांनी खुलताबाद दाखवलं. म्हणजे एक कबर दाखवली. गावाचा तट, वेशी, आसपासचे डोंगर, शेतं, तिथली माणसं यांतलं काहीच त्या चौकटीत आलं नाही. ज्यांनी हे गाव पाहिलेलं नाही, त्यांच्या मनात आता तेच चित्र कायम झालं आहे. ज्यांनी पाहिलं आहे, त्यांनीही बहुधा वेरूळला जाताना गाडीच्या काचेतून पाहिलं आहे.

मला वाटतं, हा मुलूख समजून घ्यायचा असेल तर सायकल काढावी. रुंद टायरांची, गिअरची माउंटन बाइक असेल तर उत्तमच. आणि जिथे वाट असेल तिथे डांबरी रस्ता सोडावा. मी गेली काही वर्षं हेच करतो आहे. तब्येतीसाठी सुरू केलं होतं. आता वाटतं, ही आपल्या समाजाने, विशेषतः तरुण मुलामुलींनी, मनावर घेण्यासारखी गोष्ट आहे.

आधी भूगोल सांगतो. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आपलं जुनं औरंगाबाद, सोडून वेरूळच्या दिशेने निघालं की साधारण पंधरा किलोमीटरवर दौलताबाद येतं. आपण ‘किल्ला’ म्हणतो तो मधला उभा डोंगर. खरं तर अंबरकोट, महाकोट, काळाकोट अशा एकात एक तटांनी वेढलेलं ते अख्खं शहर होतं. यादवांची देवगिरी तीच आणि १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी केली ती दौलताबादही तीच. अंबरकोटाच्या आत आज शेती आहे, सीताफळाची झाडं आहेत, शेळ्या चरतात. पर्यटक चाँद मिनारापाशी उतरतात, किल्ला चढतात, परत जातात. बाहेरच्या तटाला धरून सायकल चालवली की या शहराचा पसारा केवढा होता हे मांड्यांना कळतं.

पुढे घाट चढताना कागजीपुरा लागतो. तुघलकाच्या काळापासून इथे हातकागद बनत आला, असं परंपरा सांगते. मग खुलताबाद. गावाचं जुनं नाव रौजा. औरंगजेबाने त्याला तट बांधला, अशी नोंद गॅझेटियरमध्ये आहे. १७०७ मध्ये अहमदनगरला त्याचा मृत्यू झाला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे इथे, सूफी जैनुद्दीन शिराजी यांच्या दर्ग्याच्या आवारात, उघड्या आभाळाखाली साधी कबर झाली. पण तो इथे आला त्याच्या कितीतरी आधी हे गाव सूफींचं होतं. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब १३३७ मध्ये इथे दफन झाले. निजामुद्दीन औलियांची वचनं ज्यांनी लिहून ठेवली ते कवी अमीर हसन सिज्जी इथेच आहेत. हबशी गुलाम म्हणून दख्खनेत आलेला आणि मुघलांना वर्षानुवर्षं थोपवून धरणारा मलिक अंबरही इथेच आहे. मुघल बादशाह आणि मुघलांचा कट्टर वैरी एकाच गावाच्या मातीत झोपले आहेत. कोणत्याही एका बाजूच्या घोषणेत हे गाव मावत नाही ते यामुळे.

खुलताबादच्या पुढे डांबर सोडता येतं. शुलिभंजनच्या डोंगराकडे गेलं की एका अंगाला परियों का तालाब आणि जलालुद्दीन गंज-ए-रवाँ यांचा दर्गा, तर डोंगरावर दत्ताचं स्थान. संत एकनाथांनी तिथे तप केलं असं मानतात. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी दौलताबादचे किल्लेदार होते. आणि त्यांचे गुरू चांद बोधले हे सूफी परंपरेतले, असं सांगितलं जातं. ही गुरुपरंपरा व्याख्यानात मी अनेकदा ऐकली होती. पण ज्या डोंगरउतारांवर ती घडली ते ओलांडताना लक्षात येतं की ही ठिकाणं एकमेकांपासून किती जवळ आहेत. एकमेकांना न भेटता राहणं त्या माणसांना शक्यच नव्हतं.

उत्तरेकडे बारा किलोमीटरवर म्हैसमाळ, उंची सुमारे १०६७ मीटर. तिथे गिरिजादेवीचं मंदिर आहे. पश्चिमेला घाट उतरला की वेरूळ. कैलास लेणं तर आहेच, पण शिवरायांच्या भोसले घराण्याचं गावही हेच. हे सगळं एका दिवसाच्या सायकल-फेरीत बसतं.

जंगल म्हणाल तर ते कोकणासारखं घनदाट नाही. पानगळीचं, विरळ, खडकाळ रान आहे. पळस, खैर, बाभूळ, सीताफळ. उन्हाळ्यात सगळं करडं होतं आणि पळस तेवढा पेटलेला दिसतो. पावसाळ्यात तोच डोंगर ओळखू येत नाही. मुरमाच्या वाटेवर पाणी निचरतं, सायकल छान चालते. पण शेताची काळी माती ओली असताना त्यात शिरू नका. चाक दहा फुटांत जाम होतं आणि शेतकऱ्याच्या बांधाचंही नुकसान होतं. उतारावर सुटे दगड असतात. तिथे पेडलवर उभं राहायचं, वजन मागे घ्यायचं आणि पुढचा ब्रेक करकचून दाबायचा नाही. खरा शत्रू मात्र काटा. सराटे आणि बाभळीचा काटा कोणत्याही परदेशी टायरला जुमानत नाहीत.

आता पंक्चरबद्दल बोलायलाच हवं. ‘पंक्चरवाले’ हा शब्द आपल्या मुलांना शिवीसारखा ऐकवला जातो. त्यावर आपल्याकडे दोन प्रतिक्रिया असतात. कुणी संतापतो, कुणी आपल्यातले डॉक्टर-इंजिनिअर मोजून दाखवतो. मला दोन्ही अपुऱ्या वाटतात. पंक्चर काढणं हे हुनराचं काम आहे. पाण्याच्या टोपल्यात ट्यूब फिरवून बुडबुडा शोधणारा माणूस नसेल तर घाटात तुमची पन्नास हजारांची सायकल खांद्यावर घेऊन चालावं लागतं. टोमणा मारणाऱ्याला त्या कामाची किंमत कळत नाही. पण त्याच वेळी आपण स्वतःलाही विचारावं: ज्या हातांनी पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांच्या सायकली दुरुस्त केल्या, त्या हातांना स्वतः मजेसाठी सायकल चालवण्याचा विचार का सुचू नये?

कारण मौज हा आपल्या हक्कांच्या यादीत आपण घालतच नाही. आरक्षण, शिक्षण, सुरक्षितता यांवर बोलतो, आणि बोललंच पाहिजे. पण रविवारी सकाळी डोंगरात जाणं, थकणं, झाडाखाली भाकरी खाणं हे ‘त्यांचे’ शौक आहेत, असं घराघरांत समजलं जातं. मुलींच्या बाबतीत तर विचारूच नका. शाळेत जायला सायकल चालते, तीच मुलगी हेल्मेट घालून म्हैसमाळला निघाली की मोहल्ल्यात चर्चा होते. मला यात दीनाचा कोणताही प्रश्न दिसत नाही. प्रश्न लोक काय म्हणतील एवढाच आहे.

भीती दुसरीही आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. रानात कुणी विचारतं, ‘कुठले? नाव काय?’ नाव सांगितल्यावर आवाज बदलल्याचं मी अनुभवलं आहे. त्याहून जास्त वेळा त्याच प्रश्नानंतर पाणी आणि चहा मिळाला आहे, हेही तितकंच खरं. गाडीतून जाणाऱ्याला कुणी नाव विचारत नाही, आणि चहाही देत नाही.

म्हणून माझी सूचना अशी. दौलताबाद ते खुलताबाद, शुलिभंजन, म्हैसमाळ, वेरूळ या पट्ट्यातल्या जुन्या पायवाटा आणि गाडीवाटा वनखातं, पुरातत्त्व खातं आणि ग्रामपंचायतींनी मिळून निश्चित कराव्यात. नवे रस्ते फोडू नयेत. साध्या दगडी खुणा पुरेत. वाटाडे, दुरुस्ती, जेवण ही कामं त्याच गावांतल्या मुलांना मिळावीत. नियमही कडक असावेत: वाट सोडून रानात शिरायचं नाही, मेंढरं दिसली की उतरायचं, कबरी आणि मंदिरांच्या आवारात सायकल चालवायची नाही, उन्हाळ्यात वाळल्या गवताजवळ विडी-काडी नाही.

याने द्वेष संपेल असा माझा दावा नाही. पण ज्या माणसाने हा घाट स्वतःच्या दमावर चढला आहे, वर पोहोचून एका हातपंपावर पाणी प्यायलं आहे, त्याला खुलताबाद म्हणजे एक कबर हे पटवणं अवघड जाईल. आपल्या मुलांनाही आपलं गाव दुसऱ्याच्या शब्दांत ओळखण्याची गरज पडणार नाही. पावसाळा सरत आला की वाटा वाळतात आणि सीताफळं पिकायला लागतात. निघायला तेवढं निमित्त पुरे.