जुने मास्तर, नवा खेळ

शाळेच्या किंवा कॉलेजच्या मैदानावर वीस-पंचवीस वर्षे शिट्टी वाजवणारे मास्तर असले, की एक प्रश्न केव्हा ना केव्हा निघतोच. दोन-तीन सामने हरले की पालक आपसात म्हणतात, "मास्तर माणूस चांगला, पण आता काळ बदलला." विश्वस्तांच्या बैठकीतही मग तोच सूर लागतो. दुसरीकडे माजी विद्यार्थी "जुनं ते सोनं" म्हणत मास्तरांच्या पाठीशी उभे राहतात. दोन्ही बाजूंचा जिव्हाळा खरा असतो, पण दोघेही मोजायला घेतात ते वय.

आमचे मत सुरुवातीलाच सांगतो. माणूस बदलेल की नाही हे वयावरून ठरत नाही. तो स्वतः अजून शिकतो आहे का आणि संस्था त्याला शिकू देते आहे का, यावरून ते ठरते. याचा दाखला शोधायला फार लांब जायला नको. आपल्याच शहराने तो साऱ्या देशाला दिला आहे.

२०२४ साली आलेल्या 'मैदान' या हिंदी चित्रपटामुळे सय्यद अब्दुल रहीम हे नाव आजच्या मुलांना ठाऊक झाले. जुने हैदराबादी त्यांना रहीमसाब म्हणत. त्यांचा जन्म १९०९चा. उस्मानिया विद्यापीठात शिकले, तिथल्या संघातून खेळले आणि पेशाने शिक्षक झाले. आपल्या काचीगुड्याच्या मिडल स्कूलमध्ये त्यांनी शिकवले. पुढे शारीरिक शिक्षणाचा डिप्लोमा घेऊन दारुल उलूम आणि चादरघाट हायस्कूलमध्ये मुलांना खेळ शिकवला. १९४३ साली ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि सिटी पोलीस संघ त्यांच्या हाताखाली घडू लागला. याच संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. १९५१च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत भारताला सुवर्णपदक मिळाले, तेव्हाही प्रशिक्षक रहीमसाबच होते.

इतके यश पदरात असलेला माणूस सहसा बदलत नाही. आपली रीत बरोबर, हे त्याला जगाने सांगितलेले असते. पण १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. थंडी होती, मैदान ओले होते आणि आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत होते. अनवाणी खेळणे ही तेव्हा आपल्याला अभिमानाची गोष्ट वाटे. १९११ साली मोहन बागानने गोऱ्या पलटणीच्या संघाला हरवले ते बहुतेक अनवाणीच, ही कथा घरोघर सांगितली जाई. त्यामुळे पायात बूट घालणे म्हणजे आपली ओळख सोडणे, असे अनेकांना वाटले असेल तर नवल नाही.

रहीमसाबांनी हवामानाला दोष देऊन विषय संपवला नाही. हेलसिंकीनंतर भारतीय संघासाठी बूट सक्तीचे झाले. खेळाडूंची जुनी मांडणीही रहीमसाबांनी बदलली. त्या काळी हंगेरीचा खेळ जगाला नवे काही शिकवत होता. १९५३ साली हंगेरीने इंग्लंडला लंडनच्या वेम्बली मैदानावर ६-३ असे हरवले, तेव्हा फुटबॉल जन्माला घालणारेही चक्रावले होते. रहीमसाबांनी त्या खेळाचा अभ्यास केला आणि आपल्या मुलांना पेलेल तसा तो शिकवला. १९५८ साली ब्राझील विश्वविजेता झाला आणि ४-२-४ ही मांडणी गाजली. रहीमसाब त्याआधीच त्या वाटेने निघाले होते, असे जाणकार सांगतात.

या कष्टांचे फळ १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये दिसले. भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवून उपांत्य फेरी गाठली. मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने त्या सामन्यात तीन गोल केले. भारत शेवटी चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये त्याहून वरचे स्थान आपल्याला पुन्हा मिळालेले नाही.

पण रहीमसाबांनी सारेच बदलले असे नाही. चेंडू पायात अडवून न धरता चटकन पुढे द्यायचा, हा त्यांचा धडा कायम राहिला. त्यासाठी ते ड्रिबलिंगला बंदी असलेल्या स्पर्धा भरवत. उजव्या पायाच्या खेळाडूने फक्त डाव्या पायाने खेळायचे, अशाही स्पर्धा त्यांनी घेतल्या. मूळ पाया तोच ठेवून त्यावरची इमारत काळाप्रमाणे बांधायची, हे त्यांचे सूत्र होते. नवे ते सगळे घ्या असे आम्ही म्हणत नाही, ते याच कारणाने.

१९६२ची जकार्ता आशियाई स्पर्धा तर सर्वांनी लक्षात ठेवावी अशी आहे. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरवले. त्यातच बचावफळीचा आधार असलेल्या जर्नैल सिंगच्या डोक्याला दुखापत होऊन टाके पडले. रहीमसाबांनी त्याला बचावातून काढून थेट आघाडीवर खेळवले. त्याने उपांत्य सामन्यात गोल केला आणि अंतिम सामन्यातही केला. त्याच दक्षिण कोरियाला २-१ असे नमवून भारताने सुवर्णपदक जिंकले. तेव्हा रहीमसाब ५३ वर्षांचे होते आणि कर्करोगाने पोखरलेले होते. पुढच्याच वर्षी, ११ जून १९६३ रोजी, ते गेले. प्रशिक्षक म्हणून जवळपास वीस वर्षे काढल्यावरही त्यांचे शिकणे थांबले नव्हते.

यावर कोणी म्हणेल, "रहीमसाब एखादाच. सगळे मास्तर थोडेच तसे असतात?" हे खरे आहे. मनगटात बळ असून मन आखडलेले मास्तरही आम्ही पाहिले आहेत. शिवाय काही बदल असे असतात की त्यांना सवड देता येत नाही. मुलांवर हात उगारणे २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने बंद झाले आहे. "छडीशिवाय शिस्त नाही" हे वाक्य मैदानावरही चालणार नाही. सरावात पाणी पिऊ न देणे म्हणजे मुलांना कणखर करणे, हा समज हैदराबादच्या उन्हाळ्यात जिवावर बेतू शकतो. इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक वयाच्या मुलांच्या सरावातून हेडिंग काढले आहे, ते डोक्याच्या काळजीने. मुलींना मैदान मिळालेच पाहिजे, उरल्या वेळात नव्हे, बरोबरीने. या गोष्टींवर जे मास्तर अडून बसतात, त्यांच्या कारकिर्दीचा मान राखून संस्थेने त्यांना थांबवावे. इथे भीड भिकेची बहीण ठरते, आणि किंमत मुले मोजतात.

डावपेच, व्हिडिओ पाहून खेळाची चिकित्सा, आहार, व्यायामाच्या नव्या पद्धती या गोष्टी मात्र शिकता येतात. त्यासाठी संस्थेने काय केले, हेही विचारले पाहिजे. वीस वर्षांत मास्तरांना एकदा तरी प्रशिक्षण वर्गाला पाठवले का? परीक्षा जवळ आली की त्यांचा तास गणिताला द्यायचा, आणि संघ हरला की मास्तर जुने झाले म्हणायचे, हा न्याय नव्हे.

आणखी एक धडा कडू आहे. हैदराबादने १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी दोन वर्षे संतोष ट्रॉफी जिंकली. रहीमसाबांनंतर आंध्र प्रदेशने १९६५-६६ साली ती एकदा आणली, आणि मग ओहोटी लागली. ३१ डिसेंबर २०२४ रोजी या स्पर्धेचा अंतिम सामना हैदराबादेत झाला, तेव्हा मैदानात बंगाल आणि केरळ होते. आपण फक्त यजमान. या घसरणीची कारणे अनेक असतील, पण एका माणसाच्या खांद्यावर सारा डोलारा उभा केला की तो माणूस गेल्यावर काय होते, हे आपल्या शहराइतके कोणी पाहिलेले नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. विश्वस्तांनी "ठेवायचे की काढायचे" एवढाच प्रश्न विचारू नये. जुन्या मास्तरांच्या जोडीला एक तरुण प्रशिक्षक द्यावा, दोघांना वर्गाला पाठवावे आणि दोन वर्षांनी मुलांची प्रगती पाहून निर्णय घ्यावा. पालकांनी एका पराभवावरून निकाल देऊ नये. रहीमसाबांच्या संघाने तर एका सामन्यात दहा गोल खाल्ले होते. आणि विद्यार्थी मित्रांनो, मास्तरांना प्रश्न विचारा. आदराने विचारा, पण विचारा जरूर. ज्या मास्तरांना तुमच्या प्रश्नाचा राग न येता उत्तर शोधावेसे वाटते, ते अजून जुने झालेले नाहीत असे खुशाल समजा.