वाळूला फुटलेले पाय

वर्गात वाळूतून तेल काढण्याचा दृष्टांत आला की आमच्या बारामतीची मुले गालातल्या गालात हसतात. वाळूतून तेलाहून पुष्कळ मोलाचे काही निघते, हे त्यांना ठाऊक असते! नीरा-भीमेच्या संगमावर, नीरा नरसिंहपूरला, प्रल्हादाने वाळूची मूर्ती घडवली अशी आख्यायिका आहे. आज त्याच इंदापूर तालुक्यात उजनीच्या फुगवट्यातून रात्री चोरून वाळू उपसली जाते आणि उजाडायच्या आत कुठल्याशा बांधकामावर जाऊन पडते. वाळू गेली की पात्र खोल जाते, काठ ढासळतात, काठच्या विहिरींचे पाणी उतरते.

महसूल खात्याची पथके येतात, बोटी जिलेटिनने उडवतात. वर्तमानपत्रात धुराचे छायाचित्र छापून येते. मला ते पाहून फारसा आनंद होत नाही. बोट ही या साखळीतली सर्वांत सहज बदलता येणारी कडी. तिच्यामागे पैसा पुरवणारा, पुढे डंपरवाला, रस्त्यावर साहेबांच्या गाडीवर डोळा ठेवणारा पोरगा, आणि शेवटी पावती न विचारता ब्रास मोजून घेणारे आपण. ब्रास म्हणजे 100 घनफूट. एवढे गणित मात्र घर बांधणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते.

म्हणून गेल्या काही वर्षांतल्या एका संशोधनाकडे माझे लक्ष गेले. अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे संशोधक आणि नद्यांच्या काठाने पायी हिंडणारी आपल्याकडची 'वेदितम' ही संस्था, यांनी मिळून उपग्रहांच्या चित्रांवरून वाळूउपसा हुडकण्याचे काम हाती घेतले. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची चित्रे फुकट मिळतात; त्यांतला रडारवाला तर ढगांतून आणि अंधारातही पाहतो. पण यंत्राला आधी शिकवावे लागते : हा उपसा, हा नव्हे. ते शिकवायला नदी पाहिलेला माणूसच लागतो. (आम्हां मास्तरांना हे वाचून बरे वाटले.)

तरी उजनीपुढे हा आकाशातला डोळाही अधू ठरेल, असे मला वाटते. चित्रातला बारीकातला बारीक ठिपका 10 मीटरांचा. लहान बोट त्यात हरवायची. पाण्याखालचा खड्डा तर दिसायचाच नाही. शिवाय उपसा परवान्याचा की चोरीचा, हे चित्र सांगत नाही; त्यासाठी लिलावाचे कागद आणि सरकारच्या 'महाखनिज' प्रणालीतले वाहतूक परवाने शेजारी ठेवून पाहावे लागतील.

तिसरा साक्षीदार पाण्यावरच आहे. भिगवणकडच्या एका मच्छिमाराचा मुलगा मला म्हणाला, "सर, नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून बोट कुणाची ते आमचे वडील सांगतात. पण सांगायचं कुणाला? जाळं टाकायला परत त्याच पाण्यात जायचंय."

उपग्रहाला घरदार नसते. या माणसाला आहे. त्याचे नाव कुठेही न उमटता त्याची माहिती नकाशावर चढेल, अशी सोय विद्यापीठवाल्यांनी आणि तहसील कचेरीने मिळून करायला हवी. तोवर मुलाचे वडील पहाटे जाळे ओढतात, आणि कुणी विचारलेच तर सांगतात, रात्री गाढ झोप लागली होती.