चौथ्या न्यूट्रिनोचा हुलकावणी देणारा माग

अमेरिकेतील फर्मी प्रयोगशाळेच्या 'मायक्रोबून' प्रयोगाचे निष्कर्ष डिसेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जवळपास तीन दशके पदार्थविज्ञानाला झुलवत ठेवणाऱ्या एका कल्पनेची वाट पुष्कळच अरुंद झाली. 'स्टेराइल', म्हणजे निष्क्रिय न्यूट्रिनोची ही कल्पना. इलेक्ट्रॉन, म्युऑन आणि टाऊ या तीन ज्ञात न्यूट्रिनोंचा हा चौथा भाऊ क्षीण बलालाही दाद देत नाही, असे मानले गेले. तो थेट दिसणे अशक्यच. इतर न्यूट्रिनोंच्या संख्येतील घटबढ हाच त्याचा माग.

संशयाची सुरुवात लॉस अलामोसला झाली. १९९३ ते १९९८ या काळात तेथे झालेल्या 'एलएसएनडी' प्रयोगात, अवघ्या तीस मीटरच्या प्रवासात म्युऑन प्रतिन्यूट्रिनो रूप पालटून इलेक्ट्रॉन प्रतिन्यूट्रिनो होत असल्याच्या खुणा आढळल्या. तीन न्यूट्रिनोंच्या हिशेबात एवढी घाई बसत नाही. जिनिव्याच्या 'सर्न'मधील प्रयोगांनी तर १९८९ मध्येच क्षीण बलाला प्रतिसाद देणारे हलके न्यूट्रिनो तीनच असल्याचा निर्वाळा दिला होता. म्हणजे चौथा असलाच तर तो निष्क्रिय हवा. पुढे फर्मी प्रयोगशाळेच्या 'मिनीबून'लाही कमी ऊर्जेच्या टप्प्यात अपेक्षेहून अधिक घटना दिसल्या. मात्र तेलाने भरलेल्या त्या टाकीला इलेक्ट्रॉनची खूण कोणती आणि फोटॉनची कोणती, हे वेगळे ओळखता येत नसे. द्रवरूप आरगॉनचा मायक्रोबून उभारला गेला तो ही उणीव भरून काढण्यासाठी. दोन वेगवेगळे न्यूट्रिनो झोत वापरून त्याने 'एकाच निष्क्रिय न्यूट्रिनोची करामत' हा खुलासा ९५ टक्के खात्रीने फेटाळला.

हिशेब जुळेना म्हणून नवा कण मानण्याची युक्ती जुनीच. पाउलीने १९३० मध्ये खुद्द न्यूट्रिनो असाच मानला आणि १९५६ मध्ये तो सापडलाही. त्या यशाची भुरळ शास्त्रज्ञांना पडली असल्यास नवल नाही. परंतु कधी कधी हिशेबच चुकलेला असतो. अणुभट्ट्यांतून अपेक्षेपेक्षा सुमारे सहा टक्के कमी प्रतिन्यूट्रिनो येतात, असे २०११ मध्ये दिसले. पुढील मोजण्यांनी बोट दाखविले ते युरेनियम-२३५ विषयीच्या मूळ गणिताकडे. (अणुभट्टीतील प्रतिन्यूट्रिनोंच्या अशाच मोजणीसाठी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही ध्रुव अणुभट्टीजवळ 'इस्मरान' प्रकल्प हाती घेतला आहे.)

अडून बसले आहे ते गॅलियम. रशियातील बक्सान येथील 'बेस्ट' प्रयोगात, क्रोमियमच्या किरणोत्सारी स्रोताजवळ ठेवलेल्या गॅलियममध्ये अपेक्षेपेक्षा वीस टक्क्यांहून अधिक कमी घटना नोंदल्या गेल्या. ही तूट निष्क्रिय न्यूट्रिनोच्या माथी मारावी, तर त्यासाठी लागणारे प्रचंड मिश्रण सूर्याकडून येणाऱ्या न्यूट्रिनोंच्या नोंदींशी जुळत नाही. जर्मनीतील 'कॅट्रिन'च्या २०२५ मधील निष्कर्षांनीही त्या शक्यतेचा मोठा भाग बाद केला. तूट मात्र आहे तेथेच आहे. तिन्ही गुन्ह्यांमागे एकच आरोपी, हे गृहीतकच बहुधा चुकले असावे.

फर्मी प्रयोगशाळेत आता एकाच झोतावर दोन पहारेकरी आहेत: ११० मीटरवरील 'एसबीएनडी' आणि ६०० मीटरवरील 'इकारस'. पैकी एसबीएनडीने २०२४ मध्ये नोंदी घेण्यास प्रारंभ केला. जवळची आणि दूरची मोजणी ताडून पाहिली की, एलएसएनडी आणि मिनीबूनच्या जादा घटनांचे कारण वाटेत आहे की झोतातच, हे ठरविणे सोपे जाईल.